नववी पाहुणी

३ ऑक्टोबर

प्रिय ताई,

सप्रेम नमस्कार. तुझा मोबाइल जिन्यावरून भरतीच्या पाण्यात पडला आणि आता तू दुसरा घेणार नाहीस, हे दाजींनी कळवलं. वाईट वाटलं, पण खरं सांगू? हेवाही वाटला. पत्र हे संथ, शांत आणि पृथ्वीला न दुखावणारं माध्यम आहे, असं मी आमच्या पुस्तिकेत लिहिलंच आहे.

हो, पुस्तिका! तुला सांगायचं राहूनच गेलं. आमच्या प्रवासी कंपनीने 'जबाबदार पर्यटन विभाग' काढलाय आणि त्याचा प्रमुख तुझा हा धाकटा आतेभाऊ आहे. विभागात सध्या मी एकटाच आहे, पण दार वेगळं दिलंय आणि दारावर पाटी आहे.

ताई, तुमचं शहर दर वर्षी थोडं थोडं समुद्राच्या पोटात चाललंय. आणि लोक काय करतात? बुडायच्या आत बघून घेऊ म्हणून झुंडीने येतात. त्या चारशे वर्षांच्या कमानीखाली बसून खातात, कागद तिथेच टाकतात, फोटो काढतात आणि घरी जाऊन 'अरेरे' म्हणतात. हे थांबायला हवं. म्हणून मी आठ पर्यटकांचा पहिला गट तयार केलाय. अगदी निवडून घेतलेत. दोन आठवडे तुमच्या गल्लीत राहतील आणि येऊन गेले हे गल्लीला कळणारही नाही! आवाज नाही, कचरा नाही, दोरीवर कपडे नाहीत, स्थानिक माणसाच्या वाटेत येणं नाही. चौघांना तुझ्या लॉजवर उतरव आणि चौघांना समोर आईच्या छोट्या घरात. किल्ली तुझ्याकडे आहेच.

आई हट्टाला पेटलीय. 'मलाही ने, माझं माहेर आहे, माझं घड्याळ तिकडे राहिलंय,' रोजचं हेच. मी तिला शांतपणे समजावलं की आई, बुडत्या शहरात जाणारा प्रत्येक माणूस म्हणजे त्या शहरावर एक वजन. नुसत्या आठवणी काढायला जाणं याला आम्ही भावनिक पर्यटन म्हणतो आणि ते सगळ्यांत घातक. यावर ती माझ्या ताटाकडे बघत म्हणाली, "वजनाचं तू बोलू नकोस."

वय झालंय, दुसरं काय.

तुझा जबाबदार,
बापू


१२ ऑक्टोबर

बापू,

अनेक आशीर्वाद आणि पाठीत एक धपाटा. तो पाकिटात मावला नाही, आत्याकडून घे.

पाटीबद्दल अभिनंदन. लहानपणी सुट्टीला एकटाच यायचास तेव्हा भरती आली की तू माळ्यावर चढून बसायचास आणि तिथून आम्हाला पाणी कसं उपसायचं ते सांगायचास. आता डोंगरावर, सातव्या मजल्यावरून सांगतोस. उंटावरून शेळ्या हाकायची कला तुझ्या अंगात उपजतच होती. हल्ली तिला पगार मिळतो, एवढाच फरक.

आता इकडची बातमी ऐक, आणि जरा बसून ऐक. समुद्र अडवायला भिंत बांधायचं ठरलंय. खरीखुरी भिंत. नकाशावर लाल रेघ मारलीय. रेघेच्या आतल्या गल्ल्या वाचणार, बाहेरच्या गल्ल्या 'समुद्राकडे सन्मानपूर्वक सुपूर्द' होणार. हे शब्द माझे नव्हेत, भिंत खात्याच्या पत्रकातले आहेत. सन्मानपूर्वक! बहुतेक समुद्राला पुष्पगुच्छही देतील.

तर ती रेघ आपल्या गल्लीच्या तोंडाशी येऊन घुटमळलीय. नियम असा: ज्या गल्लीत किमान तीन घरांतून माणसं खरोखर राहतात, ती आत. जिथे नुसत्या लॉजा आणि कुलपं, ती बाहेर. आपल्याकडे राहती घरं दोन. एक आमचं, कारण तुझे दाजी घरजावई म्हणून एकदा आत शिरले ते काही केल्या हलत नाहीत. दुसरं घड्याळवाल्या काकांचं. बाकीच्यांनी घरं विकली, वरच्या बाजूला नव्या इमारतींत गेले, आणि रविवारी कुटुंबासकट आपलीच जुनी घरं बघायला येतात. तुझ्या भाषेत काय ते, भावनिक.

खात्याचे मोजणीसाहेब एकदा येऊन गेले. काठीसारखा माणूस, काखेत छत्री, तोंडावर आताच काहीतरी आंबट खाल्ल्याचा भाव. मला म्हणतात, "बाई, लॉज चालवणं म्हणजे राहणं नव्हे."

म्हटलं, "मग दिवे मालवल्यावर मी कुठे उडून जाते असं वाटतं तुम्हाला?"

आमचं घर त्यांनी कसंबसं मोजलं. अजून दोनदा येणार आहेत, न सांगता. तिसरं घर दिसलं नाही तर संपलं. दाराच्या चौकटीला मिठाचे पोपडे धरलेत, खालची खोली केव्हाच पाण्याला देऊन टाकलीय, तरी हे घर मी सोडणार नाही, बापू. मला इथून हलवायचं तर समुद्राला जिना चढून यावं लागेल.

म्हणून तुझे आठ जण पाठव. लवकर पाठव. आत्याच्या घरात चार माणसं हसताखिदळताना, भांडताना, चादरी झटकताना दिसली की झालं तिसरं घर. थोडं खोटं आहे, मान्य. पण समुद्र तरी कुठे नियमाने वागतोय!

आत्याला माझा निरोप दे: 'घड्याळ तयार आहे.' एवढंच सांग.

ताई


२४ ऑक्टोबर

प्रिय ताई,

तुझं पत्र वाचून क्षणभर डोळ्यांपुढे अंधारी आली. माझ्या पर्यटकांनी हसायचं-खिदळायचं? भांडायचं? ताई, त्यांनी शपथ घेतलीय! शिवाय सरकारी माणसाची फसवणूक माझ्या विभागाच्या नावाने होणार नाही. ते जसे आहेत तसेच राहतील. त्यांची निर्मळ उपस्थितीच साहेबांच्या मनाला भिडेल, याची मला खात्री आहे.

आज सकाळीच गट रवाना झाला. स्थानकावर मी त्यांना पुस्तिका पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचून दाखवली. दोघांच्या डोळ्यांत पाणी आलं. एक जण म्हणाला की गाडी सुटेल, पण ते भावनेच्या भरात.

निरोप आईला दिला. ती भाजी निवडत होती. हातातली जुडी खाली ठेवून म्हणाली, "बापू, मी मौन शिबिराला जाते. दोन आठवडे." मौन! आपली आई! मी तर भारावलोच, खालच्या मजल्यावरचे दोघेही भारावले. शिबिराची बस त्याच स्थानकावरून होती. मी पुस्तिका वाचत असल्याने तिला बसवून द्यायला जमलं नाही. "बसते माझी मी," म्हणाली. बरोबर केवढी थोरली पत्र्याची ट्रंक! शिबिराला एवढं कशाला, असं विचारलं तर म्हणे, "गप्प बसायचं तर हाताला काहीतरी हवं ना."

एकूण हट्ट सुटला म्हणायचा. तुझ्या निरोपात काय जादू होती कोण जाणे.

तुझा,
बापू


३० ऑक्टोबर

बापू रे बापू,

तुझे आठ जण पोचले. म्हणजे पोचले असावेत. मला दुसऱ्या दिवशी कळलं.

कापडी बूट घालून चवड्यांवर चालतात. दातांचे डॉक्टर आणि त्यांची बायको एकमेकांशी चिठ्ठ्यांवर बोलतात. निवृत्त प्राध्यापिकाबाई मांजर जिन्यात बसली असेल तर ती उठेपर्यंत खाली उभ्या राहतात. काल अशाच जेवणाला मुकल्या. एक विमा कंपनीतले गृहस्थ आहेत, ते संत्र्याची साल डबीत घालून डबी खिशात ठेवतात. घरी नेऊन टाकणार आहेत म्हणे. दाजींनी एकदा नेहमीसारखी खच्चून शिंक दिली, तर चौघांनी खोलीतून बाहेर येऊन त्यांची क्षमा मागितली. दाजी आता शिंकायला कमानीपलीकडे जातात.

आणि अशात मोजणीसाहेब आले! दुसरी भेट! सकाळची वेळ, आठही जण गल्लीत उभे. मला आनंदाच्या उकळ्या फुटल्या. तेवढ्यात त्या आठांना साहेब दिसले. त्यांना वाटलं स्थानिक माणूस आला. तुझा नियम काय? स्थानिक दिसताच वाट मोकळी करावी. आठही जण एका दमात दारांआड! कवायतीत जमणार नाही असं जमलं त्यांना. गल्लीत उरलं कोण, तर साहेब, त्यांची छत्री आणि पन्हळीतून गळणारं पाणी.

काका दुकानात डुलक्या काढत होते. दाजी शिंकायला गेलेले. मी ओल्या हातांनी धावत खाली गेले तोवर साहेबांनी आत्याच्या दारातल्या कचऱ्याच्या डब्याचं झाकण उचललं होतं. डबा रिकामा. नुसता रिकामा नव्हे, घासलेला! साबणाचा वास!

"बाई," साहेब म्हणाले, "माणसं राहतात तिथे थोडी तरी घाण असते."

"आठ जण आहेत हो आत!"

"आत आहेत म्हणजे आवाज येईल की."

आम्ही दोघांनी कान देऊन ऐकलं. बापू, तुझ्या माणसांनी श्वाससुद्धा जबाबदारीने घेतला. साहेब 'गल्ली निर्मनुष्य' असं लिहून गेले. आता एकच भेट उरलीय. मी जिन्यावर बसून रडले, आणि तेवढ्यात प्राध्यापिकाबाईंनी दाराच्या फटीतून रुमाल पुढे केला. धुऊन परत द्यायला नको, म्हणाल्या, पाणी वाया जातं.

आता दुसरी गोष्ट. तू आठ म्हणाला होतास ना? नऊ आहेत. साहेब गेल्याच्या दुसऱ्या दिवशी मालाच्या बोटीतून, कांद्यांच्या पोत्यांवर बसून, एक म्हातारी उतरली. बिल्ला नाही, कापडी बूट नाहीत, पण 'बापूच्या विभागाकडून आलेय' असं धक्क्यावर ठणकावून सांगत होती. सामान असं की उचलताना दाजींच्या कमरेत उसण भरली. आल्या आल्या समोरच्या घरात शिरून चौघांना म्हणाली, "खिडकीची खोली माझी." डॉक्टरांनी चिठ्ठी लिहायला घेतली, तर "तोंडात काय दात नाहीत?" म्हणून विचारलं. दातांच्या डॉक्टरांना!

तेव्हापासून गल्लीवर आडव्या दोऱ्या आहेत आणि दोऱ्यांवर चादरी, परकर, पायपुसणी. चहाचा गाळ वरून कुंडीत टाकते. कधी नेम चुकतो. माझ्याशी बोलायचं तर जिना उतरत नाही, खिडकीतून हाका मारते. प्राध्यापिकाबाईंनी हिंमत करून तुझी पुस्तिका दिली. तिने ती लगेच वापरायला घेतली. झुरळ एका फटक्यात मेलं.

नाव विचारलं तर म्हणाली, "पाहुणी लिही." काय करू?

ताई


४ नोव्हेंबर

प्रिय ताई,

काय करू म्हणून विचारतेस? ताबडतोब परत पाठव! माझ्या यादीत नववं कोणी नाही. आमच्या विभागाचं नाव सांगून कोणी भामटी म्हातारी गल्लीत दोऱ्या बांधते आणि तू पायपुसणी मोजत बसतेस!

साहेबांच्या भेटीचं ऐकून मन खिन्न झालं. पण तत्त्वाचा विजय झाला हेही खरं. कचऱ्याचा डबा घासलेला होता, हे मी वरिष्ठांना कळवलंय. त्यांना फार आवडलं.

त्या बाईबद्दल मात्र मला राहवत नाही. अशा बेफिकीर माणसांमुळेच शहरं बुडतात, ताई. मला तिच्यापेक्षा तिच्या घरच्यांचा राग येतो. या वयाच्या बाईला एकटं, मालाच्या बोटीतून, कांद्यांवर बसवून पाठवतात? तिला मुलगाबिलगा आहे की नाही? असला तर त्याचा पत्ता काढ. त्याला मी असं पत्र लिहीन, असं पत्र लिहीन की जन्मभर लक्षात ठेवील. काही माणसांना आपल्या आईचीसुद्धा जबाबदारी घेता येत नाही.

आमच्या आईचं बघ. दोन आठवडे होत आले, एक ओळ नाही, एक फोन नाही. किती निष्ठेने मौन पाळतेय! तिच्याकडून शिकण्यासारखं आहे.

घाईत,
बापू


९ नोव्हेंबर

बापू,

मुलाचा पत्ता मिळाला. तुझ्या अगदी जवळ राहतो. पत्र तू जरूर लिही, पण आधी हे वाच.

परवा उधाणाची भरती होती. पाणी सांगितल्यापेक्षा आधी आणि जास्त आलं. हल्ली त्याला कळवायची पद्धत राहिलेली नाही. आणि नेमके त्याच वेळी मोजणीसाहेब गल्लीत शिरले. तिसरी आणि शेवटची भेट. घोट्याएवढ्या पाण्यात छत्री टेकून उभे, 'निर्मनुष्य'वर शिक्का मारायला.

तुला आठवत असेल, तू माळ्यावर असायचास तरी ऐकू यायचंच. पाणी पहिल्यांदा ज्याला दिसेल त्याने ओरडायचं, "फळ्याऽऽ!" मग प्रत्येक घराने दाराच्या खोबणीत फळ्या बसवायच्या, फटींत चिंध्या कोंबायच्या आणि ओरडून सांगायचं, "लावल्या!" ज्या घरातून उत्तर येणार नाही तिकडे बाकीच्यांनी धावायचं. गेली कित्येक वर्षं आम्ही आणि काका असे दोनच आवाज. बाकी कुलपं काय ओरडणार!

तर परवा आम्ही कोणी तोंड उघडायच्या आत समोरच्या खिडकीतून हाक आली, "फळ्याऽऽऽ!" बापू, अशी हाक या गल्लीने पन्नास वर्षांत ऐकली नव्हती. कबुतरं उडाली. डॉक्टरांच्या हातातली चिठ्ठी पडली. ती म्हातारी चादरींमधून डोकं काढून सगळ्यांना कामाला लावत होती.

"ए दातवाले, फळी उलटी धरलीस! विमावाले, डबी ठेवा खाली, चिंध्या घ्या! आणि अहो छत्री! खांबासारखे काय उभे? धरा ते टोक!"

साहेब म्हणाले, "मी पाहणीला आलोय."

"मग जवळून पाहा. धरा म्हणते ना!"

साहेबांनी छत्री टाकली आणि फळी धरली. प्राध्यापिकाबाईंनी चिंध्या संपल्यावर पिशवीतून पुस्तिकांचा गठ्ठा काढला आणि फटींत कोंबला. चांगला जाड कागद आहे, पाणी अजिबात आलं नाही. तुझ्या लेखनाचा एवढा उपयोग आजवर झाला नसेल.

आमच्या दारातून दाजी ओरडले, "लावल्याऽ!" काकांच्या दुकानातून आलं, "लावल्याऽ!" आणि तिसऱ्या घरातून आठ जणांनी, शपथ वगैरे विसरून, म्हातारीच्या सुरात सूर मिळवला. प्राध्यापिकाबाई तर थांबेचनात. कितीतरी दिवसांचं साठलं होतं बिचारीचं.

इतक्यात काकांनी खिडकी उघडली, चष्मा कपाळावर चढवला. "आवाज ओळखीचा वाटतोय."

"वाटणारच!" म्हातारी कडाडली. "माझं घड्याळ कुठाय?"

"मंगळवारी ये म्हटलं होतं."

"आले होते मंगळवारी! दुकान बंद होतं!"

"जेवायला गेलो होतो. माणसाने जेवू नये?"

"बुधवारी माझं लग्न होतं!"

"मग गुरुवारी यायचंस!"

"गुरुवारी बोटीत होते मी, सासरी चालले होते! आणि तू धक्क्यावर हात हलवत उभा होतास, रिकामा! घड्याळ आणता आलं नाही?"

"काटे बसायचे होते!"

खाली गुडघाभर पाण्यात साहेब फळी धरून उभे. मान या खिडकीकडून त्या खिडकीकडे. हळूच दाजींना विचारतात, "हे भांडण कधीचं?"

"माझ्या लग्नाच्या आधीचं," दाजी म्हणाले. "मध्ये थोडा खंड पडला होता."

तेव्हा साहेब पहिल्यांदा हसले. दात बरे आहेत, डॉक्टरांनी नंतर सांगितलं. मला म्हणाले, "बाई, पर्यटक लॉजवाल्याशी भांडतो, बोटवाल्याशी भांडतो. शेजाऱ्याशी मागचं भांडण पुढे चालू करायला माणूस तिथलाच लागतो." मग वर बघून त्यांनी विचारलं, "आजी, हे घर कोणाचं?"

"माझं. बापाने माझ्या नावावर केलेलं."

"आणि तुम्ही इथे राहता?"

बापू, माझा जीव टांगणीला. काय सांगेल? दोन आठवड्यांची पाहुणी. खोटं ती बोलणार नाही, आणि खरं बोलली तर गल्ली गेली. तिने खालच्या पाण्याकडे बघितलं, समोरच्या खिडकीकडे बघितलं, दोरीवरची चादर जरा सारखी केली.

"आता राहते," म्हणाली. "अर्धं भांडण टाकून एकदा गेले, तेवढं पुरे."

साहेबांनी तिथेच, काकांच्या काउंटरवर कागद ठेवून, 'निर्मनुष्य' खोडलं आणि लिहिलं: राहती घरं तीन. रेघ गल्लीच्या बाहेरून जाणार, बापू! गल्ली आत! दाजी पाण्यात नाचले, कमरेत उसण असून. एकच अट आहे. भिंत उभी राहीपर्यंत साहेब अधूनमधून येणार. म्हातारी दिसली नाही तर रेघ परत आत सरकणार.

तुझे आठही जण काल गेले. जाताना गल्लीभर ओरडत निरोप घेतला.

तर आता लिही त्या मुलाला पत्र.

ताई


१३ नोव्हेंबर, पोस्टकार्ड

ताई!!

आई शिबिरातून परत आली नाही म्हणून मी तिथे गेलो. अशी कोणी बाई आलीच नाही, म्हणाले, आणि तेही खाणाखुणांनी. रडवेला होऊन घरी आलो तर दारात तुझं पत्र. 'घड्याळ' या शब्दापाशी आलो आणि मट्कन खाली बसलो. ताई, तुला सगळं माहीत होतं! निरोपसुद्धा तू माझ्याच हातून पोचवलास! आईला सांग, कुठे जाऊ नकोस. मी रजा टाकून तिला न्यायला येतोय.

बापू


१८ नोव्हेंबर

चि. बापूस,

न्यायला येऊ नकोस. नुसता ये.

ताईला बोलू नकोस. तिने फक्त घड्याळ तयार आहे एवढंच कळवलं. पुढचं डोकं माझं. तुला खोटं सांगितलं ते मात्र चुकलं, पण खरं सांगितलं असतं तर तू पुस्तिका वाचून दाखवली असतीस.

सातव्या मजल्यावर तू मला काही कमी केलं नाहीस. उशीसुद्धा दोन दिल्यास. पण तिथे मला हाक कोण मारतं रे? लिफ्टमध्ये माणसं आपापल्या बुटांकडे बघतात. तू घरी येतोस तो बुडत्या शहरांची काळजी करत झोपी जातोस. इथे सकाळी खिडकी उघडली की समोरून पहिला टोमणा येतो. मग चहा गोड लागतो. गुडघे दुखतात ते तिथेही दुखायचेच.

माणूस म्हणजे शहरावर वजन, असं तू म्हणालास ना, ते मला पटलंय. आमच्याकडे रिकामी नाव समुद्रात सोडायची तर तळाला दगड भरतात. हलकी नाव पहिल्या वाऱ्यालाच उलटते. हे तुझ्या डोंगरावर कोणाला माहीत असणार! तर मी तो दगड आहे असं समज. तू तुझी तुलना कशाशी करायची ते ताटाकडे बघून ठरव.

घड्याळ मिळालं. छान चालतं, पण पाऊण तास मागे. तो म्हणतो, माझं घड्याळ बरोबर आहे, जगच पुढे गेलंय. यावरून नवं भांडण सुरू केलंय. जपून वापरलं तर भिंत होईपर्यंत पुरेल.

येताना माझा खलबत्ता आण, लोखंडी तवा आण, आणि गादीखालची जाड सतरंजी. डॉक्टरांच्या बायकोचं पत्र आलं. आता ती दोघं तोंडाने भांडतात, सुखात आहेत.

तुझी आई


२७ नोव्हेंबर, धक्क्यावरून

प्रिय आई,

भरतीमुळे माझी बोट उद्यावर गेलीय. हे पत्र मालाच्या बोटीतून पुढे पाठवतोय. त्यांनी मलाही कांद्यांवर बसा म्हटलं होतं, पण तेवढी हिंमत मला तुझ्याकडून अजून आलेली नाही.

ऑफिसात काय झालं ते ऐक. त्या आठही जणांनी कंपनीला लिहिलं की सहलीत सगळ्यांत आवडली ती नववी पाहुणी. लगेच वरिष्ठांनी मला बोलावलं. पुढच्या मोसमात 'अस्सल स्थानिक भांडण, सकाळच्या चहासह' असा कार्यक्रम ठेवायचाय, खिडकीसमोर खुर्च्या मांडून. तुला आणि काकांना वेळापत्रक देणार होते! मी म्हटलं, "नाही. ते त्यांचं भांडण आहे." एवढंच बोललो आणि बाहेर आलो. पाटीवरचा 'जबाबदार' हा शब्द मला त्या दिवशी पहिल्यांदा थोडासा लागू पडला असेल. पाटी काढून ठेवलीय, कारण त्यानंतर विभागच राहिला नाही. ताईला सांग, धपाटा हातोहात घ्यायला येतोय.

तवा आणि सतरंजी पिशवीत आहेत. खलबत्ता मांडीवर घेऊन बसलोय. बोटवाला म्हणाला, "अहो, एवढं वजन कशाला नेताय?"

म्हटलं, "तिकडे लागतंय."

आणि एक. मी फळ्या लावायला शिकेन, माळ्यावर चढणार नाही. पण आल्या आल्या आधी भांडणार आहे. मला न सांगता गेलीस कशी? सगळ्या गल्लीला ऐकू जाईल असं विचारणार आहे, खालून, तिकडच्या धक्क्याच्या टोकापासून. उत्तर तयार ठेव, आणि खिडकी उघडी.

तुझा,
बापू